सात बापांचा प्रोग्राम

आमच्या कारागंड्यात, कझाक मुलखात, कुणी तुमचा बाप काढला तर रागवायचं नसतं. एक काढून कुणी थांबतही नाही, चांगले सात काढतात. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर मुलीच्या बापाने आपल्यापासून सुरुवात करून, चहाचा प्याला हातात धरून, सातही नावं न अडखळता म्हणून दाखवायची. मुला-मुलीचा सामाईक पूर्वज दोघांपैकी एकाच्याही सातांत निघता कामा नये. निघाला तर मुलगा-मुलगी भाऊ-बहीण ठरतात. मग बाकी सगळं कितीही जुळलेलं असो, लग्न बारगळतं.

माझी मुलगी बोता हिला आपल्या नातवासाठी, मेइरमसाठी, मागणी घालायला बातिमा अपा मंगळवारी आमच्या घरी आल्या (थोरल्या बाईला आम्ही अपा म्हणतो). मी सात बाप म्हणायला बसलो आणि चौथ्यावर माझं घोडं अडलं.

"पहिला मी, एसेनगेल्दी," मी ऐटीत म्हणालो. "मग शायमेर्देन. मग कोंगिरबाय. मग मालदीबाय. मग..."

"मग?" बातिमा अपा म्हणाल्या.

"मालदीबाय."

"ते झाले. त्यांचे वडील?"

मी एक गरम बाउर्साक, म्हणजे तळलेल्या पिठाचा गोळा, तोंडात टाकला. भरल्या तोंडाने बोलू नये हा शिष्टाचार आमच्याकडेही आहे. पण बाउर्साक मऊ होता, फार वेळ टिकला नाही.

"मालदीबायना वडील नव्हते?" अपांनी अगदी काळजीने विचारलं.

मी शेजारी पाहिलं. शेजारी माझे थोरले बंधू झुमाकान बसले होते. त्यांना आम्ही नुसतं आगा म्हणतो, म्हणजे दादा. आगा एक्याऐंशी वर्षांचे. जन्म कोळशाच्या खाणीत गेला, पण स्मरणशक्ती अशी की पन्नास वर्षांपूर्वी कोणत्या कामगाराच्या दिव्याचा नंबर काय होता तेही सांगतात. मालदीबायचे वडील म्हणजे त्यांच्या हातचा मळ.

"आठवत नाही," आगा म्हणाले आणि प्याल्यात बघत राहिले.

अशा वेळी शहाणा माणूस "विचारून सांगतो" म्हणतो. मी इंजिनियर. सव्वीस वर्षं खाणींची गणितं करणाऱ्या संस्थेत कॉम्प्युटरवर बसलेला. मी म्हणालो, "अपा, तोंडपाठ करायचा जमाना गेला. आमच्या अख्ख्या कुळाची वंशावळ मी कॉम्प्युटरमध्ये घातली आहे. चौदाशे बारा माणसं. बटण दाबलं की सात बाप."

"मग दाब," अपा म्हणाल्या.

"तो... जुना कॉम्प्युटर होता."

बातिमा अपांच्या मांडीवर एक पांढरा रुमाल होता. त्यात बोताच्या कानात घालायची चांदीची कर्णफुलं होती. ती घातली की मुलगी त्यांची झाली. अपांनी रुमालाची सुटलेली गाठ पुन्हा मारली, वर आणखी एक मारली.

"आमच्या कागदात तोक्सानबाय मेइरमचा आठवा आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीही तोक्सानबायचेच वंशज, हे मला ठाऊक आहे. तुमच्याकडे तो कितवा, एवढंच मला हवं. आठवा निघाला तर आजच्यासारखा दिवस नाही. सातवा निघाला तर एसेनगेल्दी, मी तुझ्या घरचं मीठ खाल्लंय, भांडणार नाही, पण उठून जाईन. शनिवारपर्यंत मी गावात आहे. आणि कॉम्प्युटरचं मी मानीन. त्याला कुठे नातवाचं लग्न करायचंय? तो खोटं बोलणार नाही."

हे ऐकून माझी बायको राउशान हिने अपांच्या प्याल्यात चहा ओतला आणि काठोकाठ भरला. आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धाच देतात, कमीत कमी देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे "आता निघा." अपांनी त्या प्याल्याकडे पाहिलं, एका दमात संपवला आणि निघाल्या.

दार लागल्यावर राउशान माझ्याकडे वळली. "मालदीबायला बाप मिळेपर्यंत तुम्हाला जेवायला मिळणार नाही."

 बोता बँकेत कॉम्प्युटरचंच काम करते, सत्तावीस वर्षांची आहे, आणि एरवी मला टोमणा मारायची संधी सोडत नाही. आज मात्र ती माझ्याजवळ येऊन बसली. "पापा, मेइरमला आजीने वाढवलंय. तिच्या मनाविरुद्ध तो लग्न करणार नाही. आणि केलं तर मलाच तो आवडणार नाही. मला हे लग्न करायचंय. एवढं एक काम करा."

आता त्या प्रोग्रामबद्दल. १९९२ साली संस्थेत काम उरलं नव्हतं, कॉम्प्युटर मात्र चालू होते. त्या हिवाळ्यात आमचे मुकानकाका रोज येऊन माझ्या शेजारी बसत आणि एकेक पूर्वज सांगत, मी तो पास्कल या कॉम्प्युटरच्या भाषेत घालत असे. शहाणी माणसं नावं एका फायलीत ठेवतात आणि प्रोग्राम दुसरीत. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, मी सगळी नावं प्रोग्रामच्या पोटातच कोंबली. वर जागा वाचवायला तयार झालेला प्रोग्राम ठेवलाच नाही, नुसता मजकूर ठेवला, कारण संस्थेत बटण दाबलं की तो हवा तेव्हा पुन्हा तयार होई. संस्था बंद पडेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुकानकाकाही पुढे दोन वर्षांत गेले.

राउशानने तेव्हा, नवी नवरी असताना, तो प्रोग्राम पाहून विचारलं होतं, "हे चौदाशे पुरुष जन्मले कुठून? आकाशातून पडले?" मला राग आला होता. पण त्या रागात मी, माहीत असेल तिथे, ज्याच्या त्याच्या आईचं जन्मसालही घातलं, आणि बाळंतपणी आईचं वय पन्नाशीपुढे गेलं तर "नोंद तपासा" असं ओरडणारी एक ओळ घातली. तिच्यावर उपकार म्हणून.

हा मजकूर ज्यांवर होता त्या तबकड्या, म्हणजे फ्लॉप्या, शोधल्या. त्या दोन होत्या, मोठ्या, काळ्या, लवचिक. एकीवर वंशावळ. ती कपाटात, माझ्या लग्नाच्या सुटाच्या खिशात सापडली. दुसरीवर मी स्वतः तयार केलेली कझाक अक्षरं होती, कारण त्या काळच्या कॉम्प्युटरला आमची अक्षरं यायचीच नाहीत. ती खारवलेल्या काकड्यांच्या बरणीखाली होती. एकोणतीस वर्षं.

"बरणी डुगडुगायची," राउशान म्हणाली.

बोताने मला वाढदिवसाला दिलेला लॅपटॉप मी पुढे ओढला आणि तबकडी घालायची फट शोधू लागलो. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, उलटा करून पाहिला. एवढ्या महागाच्या वस्तूला एक साधी फट नाही. खाली जिन्याच्या तोंडाशी बाकावर बसणाऱ्या बायकांना ही बातमी माझ्याआधी कळली होती. मी बाहेर पडलो तेव्हा एकीने सांगितलं, तबकडी रात्रभर फ्रीजमध्ये ठेव. दुसरी म्हणाली, व्होडकाने पूस. तिसरी म्हणाली, माझ्या भाच्याने मोबाइल तांदळात ठेवला होता, बरा झाला.

मी तिसऱ्या मजल्यावर गेनरिख कार्लोविचकडे गेलो. हे आमच्या संस्थेत मशीनं दुरुस्त करायचे. त्यांचे सगळे जर्मन नातेवाईक केव्हाच जर्मनीला निघून गेले, हे गेले नाहीत. का, विचारलं तर म्हणतात, तिकडे माझं सामान कुणी नेऊ दिलं नसतं. संस्था बंद झाली तेव्हा जे जे फेकायचं ठरलं, ते सगळं त्यांच्या दोन खोल्यांत आहे. तिथे ते आडवे होऊन चालतात.

"एसेनगेल्दी शायमेर्देनोविच," ते म्हणाले. नावापुढे वडिलांचं नाव लावल्याशिवाय ते मांजरालाही हाक मारत नाहीत. "माझ्याकडे एक मशीन आहे. त्याला मोठी तबकडीही चालते, छोटीही. मोठीवरून छोटीवर घेऊ. छोटी वाचणारं एक खोकं माझ्याकडे आहे, ते तुमच्या लॅपटॉपला वायरीने लागतं."

"मग अडचण काय?"

"त्या मशीनचा पडदा अकरा साली जळाला."

मग काय झालं ते पाहायला हवं होतं. गेनरिख कार्लोविच त्या आंधळ्या मशीनपुढे बसले, डोळे मिटले आणि टाइप करू लागले. पडदा काळा. मशीन एकदा टूं करी. "हे बरोबर," ते म्हणत. दोनदा टूं करी. "हे चूक, पुन्हा." मी श्वास रोखून उभा होतो. काकडीवाली तबकडी आत गेली तेव्हा मशीनमधून गाडीच्या गिअरचा आवाज आला आणि खोलीत काकड्यांतल्या शेपूचा वास सुटला. तीनदा वाचून चौथ्यांदा ती वाचली गेली. मी आनंदाने त्यांना मिठी मारली, ते मागे रेडिओंच्या ढिगावर पडले, ढीग माझ्यावर पडला.

वंशावळ लॅपटॉपवर आली. उघडली. चौदाशे बारा नावांच्या जागी रेघा, चौकटी, कोपरे आणि मधूनच एखादं हसणारं तोंड. माझे सगळे पूर्वज गजाआड गेल्यासारखे दिसत होते. माझी अक्षरं लावल्याशिवाय ते वाचता येणार नव्हते, आणि ती अक्षरं फक्त त्या जुन्या प्रोग्रामातूनच लागायची. त्यातून, बोताचं नाव त्यात नव्हतंच, ती तेव्हा जन्मलेली नव्हती. नाव घालायचं तर प्रोग्राम नव्याने तयार करायला हवा. तो तयार करणारं पास्कलचं हत्यार गेनरिख कार्लोविचकडे होतं. मी ते लॅपटॉपवर घातलं, दाबलं. लॅपटॉपने नम्रपणे सांगितलं की हे आपल्याला चालवता येणार नाही, कृपया प्रकाशकाशी संपर्क साधा.

"संपर्क साधा की," राउशान म्हणाली.

गुरुवार उजाडला. मी विचार केला, आपण सरळ मार्गाने जाऊ. जुन्या नोंदींचं एक कार्यालय आहे, तिथे गेलो. नंबराची चिठ्ठी घेतली. दोन तासांनी काचेमागच्या बाईंनी विचारलं, कुणाची नोंद हवी?

"मालदीबायच्या वडिलांची. आणि तोक्सानबायचीही."

"तोक्सानबाय हयात आहेत?"

"जन्म साधारण सतराशे साठचा."

"म्हणजे मृत्यूचा दाखला लागेल."

"तोच तर नाहीये."

"मग ते स्वतः आले तरी चालेल," बाई म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "ओळखपत्र घेऊन यायला सांगा. नाहीतर त्यांनी तुम्हाला मुखत्यारपत्र द्यावं. नमुना चार नंबर खिडकीत मिळेल."

मी चार नंबर खिडकीत जाऊन नमुना घेतलाही. का घेतला ते मला अजून कळलेलं नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर खिडकी दिसली की माणसाचा हात पुढे होतो.

संध्याकाळी बोता बँकेतून आली, तिने अंगावरचा कोट काढायच्या आत माझा लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "पापा, नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्या कॉम्प्युटरचं सोंग उभं करणारा प्रोग्राम मिळतो. फुकट. तुमच्या त्या पास्कलला वाटेल आपण ब्याण्णव सालीच आहोत."

"हे तू मंगळवारी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही फ्रीजमध्ये जागा करत होतात."

सोंग उभं राहिलं. काळ्या पडद्यावर माझा निळा चौकोन उघडला आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. त्यात माझी जवानी होती. मी प्रोग्राम तयार करून चालू केला आणि तो त्याच क्षणी कोसळला. "शून्याने भागाकार."

गेनरिख कार्लोविचना बोलावलं. ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले आणि मग हसू लागले. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"यात काही चूक नाही. मशीन फार वेगवान आहे," ते म्हणाले. "त्या काळचा प्रोग्राम उठल्या उठल्या मशीन किती जलद आहे ते मोजतो. सावकाश कसं चालायचं हे त्याला ठरवायचं असतं ना. हे तुमचं मशीन इतकं जलद, की त्याला उत्तर मिळतं शून्य वेळ. त्या शून्याने तो भागायला जातो आणि पडतो. मशीन हळू करायला हवं."

सहा महिन्यांचं निवृत्तिवेतन एकत्र केलं तर येईल एवढ्या किमतीचं ते यंत्र. आम्ही तिघं शुक्रवारी ते मंद करत बसलो. दहा पटींनी मंद केलं, कोसळलं. शंभर पटींनी केलं, तरी कोसळलं. "आणखी हळू," गेनरिख कार्लोविच म्हणत. राउशान दारात उभी राहून बघत होती. "घरातलं एक मंद होतं तेवढं पुरे नव्हतं का?" ती म्हणाली. शेवटी ते ब्याण्णव सालाइतकं मंद झालं, आणि प्रोग्राम उठून उभा राहिला. काकडीच्या बरणीखालची अक्षरं लागली. गज गळून पडले, नावं दिसू लागली. मी चौदाशे तेरावी नोंद केली: बोता. त्या यादीतली ती पहिली मुलगी. मग मी हट्टाने म्हणालो, "आता चालवायचं नाही. उद्या अपांसमोरच बटण दाबेन." इज्जत मंगळवारी गेली होती, ती शनिवारी सगळ्यांसमोर परत आणायची होती. आज वाटतं, आदल्या दिवशी दाबलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी सगळे टेबलाभोवती बसले. बातिमा अपा, त्यांच्या मांडीवर दोन गाठींचा रुमाल. मेइरम, घाम पुसत. आगा कोपऱ्यात. गेनरिख कार्लोविच लॅपटॉपजवळ, दुरुस्तीचा माणूस म्हणून. बोताने निळा झगा घातला होता आणि केस कानांमागे बांधले होते. कान मोकळे.

मी बटण दाबलं.

आता हे सांगायला हवं की तरुणपणी मला नाट्याची हौस होती. प्रत्येक नाव आलं की प्रोग्राम थांबे, टूं करी आणि मग पुढचं नाव देई. मशीन मंद केल्यामुळे तो भरपूर थांबत होता.

एक. एसेनगेल्दी. टूं.

दोन. शायमेर्देन. टूं.

तीन. कोंगिरबाय. टूं. चार. मालदीबाय. टूं.

पाच. बोलेक. "बोलेक!" मी ओरडलो. "बोलेक! मालदीबायचे वडील बोलेक!" राउशाननेही टाळी वाजवली.

सहा. एलेमेस. टूं.

सात. तोक्सानबाय.

टूं.

 मेइरमने मान खाली घातली. बोता उठली, किटली उचलली आणि भरलेली किटली पाणी भरायला आत घेऊन गेली. बातिमा अपांनी रुमाल मांडीवरून उचलून पिशवीत ठेवला. त्यांनाही ते करताना बरं वाटत नव्हतं, दिसत होतं. "मशीनने सांगितलं," त्या हळूच म्हणाल्या. "एसेनगेल्दी, तू आपलं काम चोख केलंस."

आयुष्यात पहिल्यांदा माझा प्रोग्राम बिनचूक चालला होता आणि मला तो लॅपटॉप खिडकीतून फेकावासा वाटत होता.

"माफ करा," गेनरिख कार्लोविच म्हणाले. त्यांचं कुणाकडे लक्ष नव्हतं. सगळे रडकुंडीला आले होते आणि हा माणूस मजकूर वाचत बसला होता. "एसेनगेल्दी शायमेर्देनोविच, ही ओळ कशासाठी? आईचं वय पन्नाशीपुढे गेलं तर ओरडायचं, ते ठीक. पण इथे तुम्ही एक नंबर वगळलाय. तुमचाच. तुमच्या आईचं वय येतं त्रेपन्न. आणि शेजारी टीप आहे: 'या माणसाला तपासू नये. कारण मला माहीत आहे.' काय माहीत आहे?"

टेबलाभोवतीचे सगळे कझाक एकदम आपापल्या प्याल्यांत बघू लागले.

मला माहीत होतं. राउशानला माहीत होतं, आगांना माहीत होतं, आमच्या साऱ्या कुळाला माहीत होतं, आणि कुणी कधी तोंडाने बोलत नव्हतं. आमच्याकडे पहिलं नातवंड आजी-आजोबांचं असतं. ते त्यांच्याच कुशीत वाढतं, त्यांनाच आई-वडील म्हणतं. मी शायमेर्देनचा पहिला नातू. मी त्यांना बाबा म्हणत मोठा झालो, त्यांच्याच पांघरुणात झोपलो, माझ्या पासपोर्टात त्यांचंच नाव आहे. आणि ज्यांच्या पोटी जन्मलो त्या माणसाला मी आगा म्हणतो. दादा. त्यांच्या बायकोला, जिने मला जन्म दिला तिला, मी ती जाईपर्यंत वहिनी म्हणालो. रीत अशी की आपल्या बापाला दिलेलं मूल खऱ्या बापाने कधी आपलं म्हणायचं नाही. आगा कधी म्हणाले नाहीत. एवढी तल्लख स्मरणशक्ती, पण मंगळवारी "आठवत नाही" म्हणाले, कारण खरं मोजायचं तर पहिल्यांदा स्वतःचं नाव घ्यावं लागलं असतं.

अठ्ठाविसाव्या वर्षी ती नोंद करताना मी बराच वेळ थांबलो होतो, ते मला आठवलं. मग मी बाबांचं नाव घातलं, आणि यंत्राने ओरडू नये म्हणून ती ओळ. बाबा तेव्हा हयात होते. त्यांना दाखवायचं होतं.

बातिमा अपांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"झुमाकान," त्या आगांना म्हणाल्या. "हा मेइरमही माझ्या कुशीत वाढलाय. आपल्या बापाला तो दादा म्हणतो. मला आई म्हणतो, आणि म्हणू दे, मी मरेपर्यंत म्हणू दे. पण कागदात मी त्याला त्याच्या बापाचाच लिहिलाय. मोजायला बसलं की रक्त मोजायचं, माया नाही. तू बोल. आता कशाला भितोस? तुझे वडील वर बसून रागावणार नाहीत."

आगांनी प्याला खाली ठेवला. त्यांचे हात खाणीतले, मोठे, नखांत अजून कोळसा. ते माझ्याकडे बघत नव्हते. आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होते.

"त्या मुलीला बाहेर बोलव," ते म्हणाले. "माझ्या नातीला."

ती हाक ऐकायला बोता दारातच उभी होती, हातात तीच भरलेली किटली घेऊन. जन्मभर तिला त्यांनी पुतणीच म्हटलं होतं.

मी खुर्ची ओढली. त्या मंद केलेल्या मशीनवर माझी नोंद उघडली. वडिलांच्या जागी शायमेर्देन होतं, ते पुसलं. एकेक अक्षर सावकाश पुसलं, खोटं कशाला बोलू. बाबा कुठे जात नव्हते, एक घर वर सरकत होते, एवढंच, तरीही सावकाश. मी टाइप केलं: झुमाकान, आणि आईच्या जन्मसालाच्या जागी वहिनीचं जन्मसाल. आणि प्रोग्रामने विचारलं, "खात्री आहे? हो / नाही." हा शहाणपणाही माझाच, ब्याण्णव सालचा.

मी 'हो' दाबलं. मग ती वगळणारी ओळ काढून टाकली, टिपेसकट. गेनरिख कार्लोविचनी प्रोग्राम पुन्हा तयार केला. "नोंद तपासा" असं कुणीही ओरडलं नाही.

एक. एसेनगेल्दी. टूं. दोन. झुमाकान.

तिथे तो जरा जास्तच थांबला असं मला वाटलं. आगांनी पुढे वाकून पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं आणि पुढची नावं येईपर्यंत ते बोट तिथून हललं नाही. शायमेर्देन, कोंगिरबाय, मालदीबाय, बोलेक, एलेमेस, प्रत्येक नाव त्या बोटाखालून येत होतं.

आठ. तोक्सानबाय.

बातिमा अपांनी पिशवीतून रुमाल काढला, पण त्यांच्या दोन गाठी त्यांनाच सुटेनात. शेवटी त्यांनी त्या दातांनी सोडवल्या. बोताच्या कानात कर्णफुलं गेली तेव्हा मेइरमने सुटकेचा एवढा मोठा उसासा टाकला की सगळे हसले, आणि हसता हसता राउशान रडली.

"आता मी तुम्हाला काय म्हणायचं?" गेनरिख कार्लोविच फार गंभीर होऊन मला विचारत होते. "एसेनगेल्दी झुमाकानोविच?"

"जुनंच ठेवा," मी म्हणालो. "पासपोर्ट बदलायचा तर त्या चार नंबरच्या खिडकीत जावं लागेल."

आगा अजून लॅपटॉपकडे बघत होते. "हे मशीन फार वेगवान आहे म्हणत होतास ना?" त्यांनी विचारलं.

"हो, आगा."

"मग साठ वर्षं का लागली?"

 मी अजूनही त्यांना आगाच म्हणतो. या वयात जीभ वळत नाही. पण राउशानने, जिने त्यांना तीस वर्षं भाऊजी म्हणून चहा दिला होता, तिने त्यांचा प्याला उचलला आणि त्यात अगदी थोडा, जेमतेम तळ रंगेल एवढाच चहा ओतला.

"घ्या, मामंजी," ती म्हणाली.